बर्टनचे पब आणि तळघरातली जिवंत बिअर

ट्रेंटकाठचा | शनिवार, रात्री ९:४०

मंडळी,

इंग्लंडची बिअर कोमट आणि बेचव असते, हे वाक्य मी आपल्या माणसांकडून इतक्यांदा ऐकलं आहे की आज शेवटी लिहायला बसलो. म्हणणाऱ्यांचा दोष नाही. लंडनला दोन दिवस जायचं, स्टेशनाशेजारच्या गर्दीच्या पबात एकदा बसायचं, आणि ग्लासात यायची ती नेमकी न राखलेल्या पिंपातली रिअल एल, म्हणजे इंग्लंडची पिंपात जिवंत राहणारी बिअर. मत तिथेच पक्कं होतं.

मी नऊ वर्षं डर्बीत राहतो. तिथून गाडीनं पाव तासावर बर्टन अपॉन ट्रेंट आहे. किल्ला नाही, समुद्र नाही, फोटो काढावा असं फारसं काही नाही. लाल विटांचं, कामकरी गाव. स्टेशनात उतरलं की आधी वास भेटतो. भिजवलेल्या सातूचा गोडसर वास, आणि वारा फिरला की मार्माइटच्या कारखान्याचा खारट, उग्र दर्प. बिअर करून उरलेल्या यीस्टचं मार्माइट, म्हणजे पावाला लावायचा लेप, इथे १९०२ पासून होतं.

या गावाची सगळी कमाई पाण्यातली. नदीचं पाणी नव्हे, विहिरींचं. जमिनीतल्या जिप्समच्या थरांतून झिरपून वर येणारं. त्या पाण्यात हॉप्सचा (बिअरमध्ये घालतात त्या कडू फुलांचा) कडूपणा स्वच्छ उतरतो आणि बिअर नितळ होते. अकराव्या शतकाच्या सुरुवातीला इथे मठ उभा राहिला आणि तिथले साधू बिअर बनवू लागले. १८३९ मध्ये रेल्वे आली आणि १८८० च्या दशकात या एवढ्याशा गावात तीसच्या वर ब्रुअऱ्या होत्या. ब्रुअऱ्यांचे खासगी रूळ गावातले रस्ते ओलांडत जायचे, फाटक पडलं की लोक खोळंबायचे. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनाखालचं तळघर १८६८ मध्ये बांधलं, तेव्हा खांबांमधलं अंतर बर्टनहून येणारी पिंपं किती मावतील या हिशेबानं ठेवलं होतं. युरोस्टार पकडायला तुम्ही आज जिथून आत शिरता, तिथे बिअर रचलेली असायची. आणि बर्टनच्याच बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण हे ब्रिटनमधलं नोंदणी क्रमांक एकचं व्यापारचिन्ह, १८७६ चं.

आता मुद्द्यावर येतो. रिअल एल म्हणजे काय?

आपल्याकडे दुधाला विरजण लावतो आणि भांडं झाकून ठेवतो. तेव्हा काम संपलेलं नसतं, सुरू झालेलं असतं. रिअल एलचं तसंच आहे. ब्रुअरीतून पिंप निघतं तेव्हा आत यीस्ट जिवंत असतं. बिअर न गाळता, न तापवता भरलेली असते आणि ती पबच्या तळघरात पुन्हा आंबते. शेवटचा हात ब्रुअरचा नसतो, पबवाल्याचा असतो. म्हणून एकाच ब्रुअरीची, एकाच दिवशी भरलेली बिअर शेजारशेजारच्या दोन पबांत वेगळी लागते.

एका पबच्या मालकीणबाईंनी मला एकदा दुपारी तळघर दाखवलं. पिंपं घोडीवर आडवी निजवलेली. नेहमीचं माप फर्किन, म्हणजे नऊ गॅलन, बहात्तर पाइंट. वरच्या बुचात त्यांनी मऊ लाकडाची खुंटी ठोकली. फुस्स झालं आणि खुंटीभोवती पांढरा फेस उसळला. तो फेस कापडानं पुसायचा, पुन्हा येतो, पुन्हा पुसायचा. किती वेळात परत येतो त्यावरून आतली बिअर कुठवर आली ते त्यांना कळतं. फेस मंदावला की मऊ खुंटी काढून कठीण लाकडाची बसवायची, म्हणजे उरलेला वायू आत राहतो. मग गाळ खाली बसेपर्यंत पिंपाला हात लावायचा नाही. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश. महाबळेश्वरच्या डिसेंबरातल्या पहाटेइतकं म्हणा. याला कोमट कसं म्हणायचं?

वर बारवर जो उंच दांडा दिसतो तो आपल्या गावातला हापसाच. वायूच्या दाबानं बिअर ढकलायची नाही, माणसाच्या हातानं ओढायची. जेवढी बिअर बाहेर येते तेवढी हवा पिंपात शिरते, आणि तिथून घड्याळ सुरू होतं. साधारण तीन दिवसांत पिंप संपवायचं, नाहीतर आंबटपणा येतो. म्हणजे ज्या पबात गिऱ्हाईक नाही तिथे चांगली रिअल एलही नाही. मला या सगळ्यातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. ही बिअर साठवून ठेवता येत नाही. तिला रोज येणारी माणसं लागतात.

१९६०च्या दशकात मोठ्या कंपन्यांना हे परवडेनासं झालं. गाळलेली, तापवलेली, वायू भरलेली, केग नावाच्या बंद धातूच्या पिंपातली बिअर सगळीकडे आली, कारण तिला सांभाळावं लागत नाही. १९७१ मध्ये आयर्लंडच्या पश्चिम टोकाला सुट्टीवर गेलेल्या चार तरुण इंग्रजांनी त्याविरुद्ध संघटना काढली, ती कॅमरा, म्हणजे 'कॅम्पेन फॉर रिअल एल'. त्यांची चांगल्या पबांची मार्गदर्शिका १९७४ पासून निघते. गिऱ्हाइकांनी हट्ट धरून एक अख्खी कला वाचवली, असं उदाहरण मला दुसरं ठाऊक नाही.

बर्टनला गेलात तर क्रॉस स्ट्रीटवरच्या कूपर्स टॅव्हर्नपासून सुरुवात करा. एके काळी हे बास ब्रुअरीचं कोठार होतं. मागच्या खोलीत बारचा काउंटरच नाही. पायऱ्या चढून उंचवट्यावर पिंपं मांडलेली, आणि बास थेट पिंपाच्या तोटीतून ग्लासात. हापसाही मध्ये नाही. लाकडी बाकं, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जागा. पहिल्यांदा गेलो तेव्हा शेजारच्या आजोबांनी सरकून जागा दिली आणि पंधरा मिनिटांत त्यांच्या वडिलांची पिंपं बांधण्याची कारागिरी मला समजावून सांगितली. कूपर म्हणजे पिंपं बांधणारा. हे मला तोवर ठाऊक नव्हतं.

ग्लास नाकाशी नेलात की आगकाडी ओढल्यासारखा गंधकाचा वास येईल. दचकू नका, बिअर बिघडलेली नाही. तो बर्टनच्या पाण्याचाच वास, जाणकार त्याला 'बर्टन स्नॅच' म्हणतात. दोन मिनिटांत उडून जातो.

तिथून नदीच्या पुलाकडे चालत जा. बर्टन ब्रिज इनच्या मागच्या अंगणात १९८२ मध्ये बिअर होऊ लागली. मोठ्या कंपन्यांच्या गावात छोट्यांनी पुन्हा भट्टी पेटवली ती तिथे. आणि स्टेशनजवळ लास्ट हेरेटिक नावाचा एका खोलीचा पब आहे. संगीत नाही, टीव्ही नाही, बोलण्याशिवाय करायला काही नाही. नाव एडवर्ड वाइटमनवरून आलं. बर्टनचा हा कापडव्यापारी. धर्मद्रोहाच्या आरोपाखाली त्याला ११ एप्रिल १६१२ रोजी लिचफिल्डला जिवंत जाळलं. त्या कारणासाठी इंग्लंडमध्ये जाळलेला तो शेवटचा माणूस.

कुणी जाऊन आलं असेल तर लिहा. प्रश्न असतील तर विचारा.

---

गिरगावकर | शनिवार, रात्री १०:१५

फार आवडलं. विरजणाची उपमा चपखल. एक विचारायचं होतं. इंडिया पेल एल ही बिअर बर्टनचीच ना? मुंबईतल्या गोऱ्या सैनिकांसाठी मुद्दाम कडक आणि कडू बिअर बनवली, असं ऐकून आहे.

जुनी_दप्तरं | शनिवार, रात्री ११:०२

गिरगावकर, ती गोष्ट सगळीकडे छापलेली असते, पण तशीच्या तशी खरी नाही. हिंदुस्थानात पेल एल पहिल्यांदा गाजली ती लंडनच्या हॉजसनची. त्याची ब्रुअरी बो भागात होती, ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं लागायची त्या ब्लॅकवॉलपासून जवळ. कप्तानांना तो अठरा महिन्यांच्या उधारीवर माल द्यायचा, म्हणून त्याची बिअर जहाजावर चढली. मुद्दाम शोध वगैरे कुणी लावला नव्हता. त्या जातीची, भरपूर हॉप्सची, मुरवायची बिअर इंग्लंडात आधीपासून होती. आफ्रिकेला वळसा घालून चार-सहा महिन्यांचा प्रवास, दोनदा विषुववृत्त ओलांडणं, यात ती छान मुरते असं ध्यानात आलं एवढंच.

बर्टन यात आलं १८२० च्या दशकात. त्यांचा धंदा बाल्टिक देशांशी होता. रशियानं जकात वाढवली आणि तो बुडाला. मग तिथल्या ऑलसॉप ब्रुअरीनं, पाठोपाठ बासनं हॉजसनसारखी बिअर करून पाहिली, आणि बर्टनच्या पाण्यात ती लंडनपेक्षा सरस उतरली. ती पीत ते बहुतेक अंमलदार आणि व्यापारी. साध्या सैनिकाच्या वाट्याला काळी पोर्टर जास्त.

ट्रेंटकाठचा | शनिवार, रात्री ११:२०

मनापासून आभार. मीही सैनिकांची गोष्ट पाहुण्यांना सांगत आलो होतो. आता नाही सांगणार.

---

परळकरीण | रविवार, सकाळी ८:३०

मी बिअर पीत नाही, पण मार्माइटचा उल्लेख वाचून थांबले. त्या काळ्या चिकट लेपाचं मुंबईशी नातं आहे आणि ते आपल्या लोकांना माहीत असायला हवं.

१९२८ मध्ये लूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेतून त्यांनी गिरणीकामगार बायकांमधल्या गरोदरपणातल्या पंडुरोगाचा अभ्यास केला. बायका पांढऱ्याफटक पडायच्या, कित्येक दगावायच्या. जंतूंमुळे होत असेल का ते त्यांनी तपासलं, मग आहाराकडे वळल्या. प्रयोगात यीस्टच्या अर्कानं फरक पडतो असं दिसलं, आणि स्वस्तातलं यीस्ट म्हणजे मार्माइट. ते बायकांना दिल्यावर रक्त भरून येऊ लागलं. १९३१ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या अर्कातलं नेमकं काय काम करतं ते पुढे कळलं, ते फोलिक अ‍ॅसिड. आज आपल्याकडे प्रत्येक गरोदर बाईला ती गोळी मिळते.

माझी आजी गिरणीत होती. तिची पहिली दोन बाळंतपणं वाया गेली. बर्टनच्या पिंपांतलं उरलंसुरलं यीस्ट परळच्या बायकांच्या कामी आलं होतं, हे मला कळलं तेव्हा बराच वेळ काही सुचलं नव्हतं.

ट्रेंटकाठचा | रविवार, सकाळी ९:०५

ताई, नऊ वर्षं त्या कारखान्यावरून जातो आहे. हे ठाऊक नव्हतं.

---

मुरब्याचा_कोळी | रविवार, दुपारी १२:४०

दादा, गाळ खाली बसेपर्यंत थांबायचं असं लिहिलंत, पण तो आपोआप लवकर बसत नाही. पिंपात माशाच्या पोटातली पिशवी विरघळवून घालतात. तिला आमच्याकडे बोत म्हणतात. घोळ माशाचा बोत वाळवून व्यापाऱ्याला देतो, त्याला मासळीपेक्षा जास्त भाव. २०२१ मध्ये आमच्या पालघरकडच्या मुरबे गावातल्या एका बोटीला १५७ घोळ लागले आणि सव्वा कोटीच्या वर लिलाव गेला, तो बोतामुळेच. त्यातला बराचसा माल पूर्वेकडच्या देशांत जातो, पण वाइन-बिअर नितळ करायलाही बोत वापरतात असं माझे आजोबा सांगायचे.

ट्रेंटकाठचा | रविवार, दुपारी १:१०

अगदी बरोबर आणि मी हे लिहायला हवं होतं. बोतातलं द्रव्य यीस्टला चिकटतं आणि सगळं घेऊन तळाशी बसतं. शाकाहारी मंडळींनी हे ध्यानात ठेवावं. 'अनफाइंड' लिहिलेली बिअर मागा. तिच्यात बोत नसतो, थोडी गढूळ दिसते, चव चांगली असते. सांगायला लाजू नका, बारवर हा प्रश्न आता रोजचा आहे.

---

घरची_भट्टी | रविवार, दुपारी ३:२५

लीड्सला घरीच बिअर करतो, म्हणून पाण्याबद्दल भर घालतो. आमचं पाणी मऊ आहे. बर्टनसारखी पेल एल करायची तर मी पाण्यात जिप्सम घालतो. जगभरचे ब्रुअर हेच करतात आणि त्या क्रियेला गावाचंच नाव आहे, बर्टनायझेशन.

एका बाबतीत मात्र तुमच्याशी जमणार नाही. तोटीतून थेट ओतलेल्या बिअरला फेस धरत नाही. इकडे यॉर्कशरमध्ये हापशाच्या तोंडाला बारीक भोकांची जाळी लावतात, स्पार्कलर. बिअर त्यातून घुसळून येते, वर सायीसारखा जाड फेस बसतो आणि ग्लास रिकामा होईपर्यंत टिकतो. तोंडात कशी मऊ लागते!

ट्रेंटकाठचा | रविवार, दुपारी ३:५०

मऊ लागते खरी, पण त्या घुसळण्यात हॉप्सचा वास फेसात अडकतो आणि बिअर सपक होते. बास तरी मला सपाटच, म्हणजे बिनफेसाचीच हवी. लीड्सला आलो की तुमच्या हातची घेईन, मग पुन्हा भांडू.

---

चंद्रपूरची | रविवार, संध्याकाळी ६:१०

लेख चांगला आहे, पण मला वाचताना त्रास झाला. माझा मोठा भाऊ दारूनं गेला. आमच्या गावातल्या बायकांनी बंदीसाठी मोर्चे काढले त्यात आई होती. दारू कुठल्याही देशातली असो, तिच्याभोवती असं सुंदर लिहिलं की माझ्या पोटात गोळा येतो. तुम्ही वाईट हेतूनं लिहिलं नाही हे कळतं. तरी सांगावंसं वाटलं.

ट्रेंटकाठचा | रविवार, संध्याकाळी ७:३०

ताई, सांगितलंत हे बरं केलंत. यावर वाद घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. दारूनं घरं बुडतात, इंग्लंडमध्येही बुडतात, आणि बर्टनचे सुंदर जुने पब ज्या काळातले आहेत त्याच काळात इथल्या बायकाही नवऱ्याचा पगार पबात जाऊ नये म्हणून दारात उभ्या राहायच्या.

मी स्वतः कसं जातो तेवढं सांगतो. महिन्यातून एकदा, कायम आगगाडीनं, अर्ध्या पाइंटाचे दोन-तीन ग्लास, मध्ये पाणी आणि खायला चीज-कांद्याचा कॉब. या भागात गोल पावाला कॉब म्हणतात. चार टक्क्यांच्या आसपासची बिअर, बास ४.४ टक्के. बर्टनमध्ये मी ज्यांच्याशी बोलतो त्यातल्या बऱ्याच एकट्या म्हाताऱ्यांना दिवसभरात तोच एक तास माणूस भेटतो. पण ज्याला एकावर थांबता येत नाही त्याच्यासाठी हे ठिकाण नाही, हे मी मूळ लेखातच लिहायला हवं होतं.

चंद्रपूरची | रविवार, रात्री ८:०२

उत्तराबद्दल आभार.

---

नवी_लेस्टरकर | सोमवार, सकाळी १०:२०

मी सहा महिन्यांपूर्वी आले. नवरा अजिबात घेत नाही. आम्ही दोघं गेलो तर विचित्र दिसेल का? ऑर्डर कशी देतात तेही कळत नाही, एकदा पंधरा मिनिटं टेबलापाशी वाट बघत बसलो आणि उठून आलो.

बर्मिंगहॅमची_मावशी | सोमवार, सकाळी ११:४५

बाळा, टेबलापाशी कुणी येत नाही. बारपाशी जायचं, उभं राहायचं, नोटा हलवायच्या नाहीत की हाका मारायच्या नाहीत. कोण आधी आलं ते बारवाल्यांच्या ध्यानात असतं, आणि तुझ्याआधीचा माणूस उभा असेल तर 'यांचा नंबर आहे' असं सांगायचं. लगेच आपलीशी होतेस. पैसे तिथेच द्यायचे, टीप लागत नाही. फारच आवडलं तर 'तुमच्यासाठीही एक' म्हणायचं. कुठली घ्यावी कळत नसेल तर चव मागायची, घोटभर देतात, त्याचे पैसे नाहीत.

नवऱ्यानं लाइम-सोडा घ्यावा. माझे यजमान अठ्ठावीस वर्षं तेच घेताहेत, कुणी वळूनही बघितलं नाही. आणि १ जुलै २००७ पासून आत सिगारेट ओढता येत नाही. त्याआधी आम्ही साड्या घरी येऊन धुवायला टाकायचो.

एकटी बाई म्हणून विचारत असशील तर दुपारी जा, लहान पबात जा. तीनदा गेलीस की नावानं ओळखतील.

नवी_लेस्टरकर | सोमवार, दुपारी १२:१०

मावशी, खूप आभार. आणि बिअर खराब वाटली तर?

ट्रेंटकाठचा | सोमवार, दुपारी १:००

परत करायची, घोट-दोन घोट घेतल्यावरच, अर्धी पिऊन नव्हे. व्हिनेगरसारखा आंबट वास आला किंवा सूपासारखी गढूळ दिसली तर ग्लास बारवर नेऊन हळू आवाजात सांगायचं, 'ही जरा उतरली आहे असं वाटतं.' चांगला पबवाला वाद घालत नाही, दुसरी देतो आणि हापशावरची पाटी उलटी फिरवतो.

पहिल्या वर्षी मी तोंड वाकडं करून आंबट बिअर संपवायचो. एका ठिकाणी, गाव-नाव सांगत नाही, पहिल्यांदा परत दिली तर बारवरच्या मुलानं ऐकवलं की रिअल एल अशीच लागते. मी मान डोलावून बाहेर पडलो आणि महिनाभर कुठे गेलो नाही. त्या मुलाला तळघरात कुणी नेलंच नसावं. म्हणून तर पिंपाशी उभा राहणारा माणूस कोण आहे, यावर सगळं ठरतं.

---

जुनी_दप्तरं | सोमवार, रात्री ९:३०

बर्टन युनियन या बिअर आंबवायच्या जुन्या पद्धतीबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. ओकच्या पिंपांच्या रांगा, प्रत्येकातून हंसाच्या मानेसारखी नळी वर लांब पन्हाळीत जाते. बिअर आंबताना फेसाबरोबर यीस्ट त्या नळीतून वर चढतं, पन्हाळीत यीस्ट मागे राहतं, आणि बिअर उतरून पुन्हा पिंपात येते. मार्स्टन्स ब्रुअरीची पेडिग्री नावाची बिअर २०२४ पर्यंत अशी होत होती. त्या वर्षी तिथल्या युनियन बंद झाल्या. एक संच डर्बीशरमधल्या बेकवेलच्या थॉर्नब्रिज ब्रुअरीनं नेला आणि त्यावर बिअर सुरू केली. बर्टनमधलं ब्रुअरी संग्रहालय २०२२ मध्येच बंद झालं आहे, त्यामुळे केवळ त्यासाठी जाऊ नका.

घरची_भट्टी | सोमवार, रात्री ९:५५

थॉर्नब्रिजला त्या संचावरची प्यायलो. पिंपांवर हात ठेवून उभा राहिलो होतो, आतली धग लाकडातून कळते.

---

नवी_लेस्टरकर | पुढचा रविवार, सकाळी ९:१५

जाऊन आलो! कूपर्सच्या मागच्या खोलीत जागा मिळाली. नवऱ्याचा लाइम-सोडा, माझी अर्धा पाइंट बास. आगकाडीचा वास खरंच येतो, आणि खरंच जातो. बारपाशी एका बाईंना 'तुमचा नंबर आधी' म्हटलं, त्या मग तासभर आमच्याशेजारी बसल्या. त्यांनी आयुष्यभर मार्माइटच्या कारखान्यात काम केलं होतं. मी परळच्या डॉक्टरीणबाईंची गोष्ट माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितली. त्यांनी ती दोनदा सांगायला लावली, एकदा स्वतःसाठी आणि एकदा पिंपाशी उभ्या असलेल्या माणसाला ऐकवायला.

परळकरीण | पुढचा रविवार, सकाळी १०:४०

मुली, त्या पुन्हा भेटल्या तर माझा नमस्कार सांग.